हंपी, सावकाश : एका निवृत्त इरिगेशनवाल्याचा अभिप्राय

हंपी एका दिवसात दाखवणाऱ्या सहलीला पैसे भरू नका. साठी ओलांडलेल्यांनी तर नकोच. अकराच्या सुमारास बस उतरवते, भर उन्हात विरुपाक्ष, दगडी रथ, कमल महाल अशी पळापळ होते आणि पाच वाजायच्या आत ‘चला, चला, गाडी सुटतेय’ सुरू होते. नोकरीत असताना अशाच एका सहलीने मी हंपीला जाऊन आलो होतो. घरी आल्यावर फोटो होते, पण कुठले देऊळ कुठल्या टेकडीखाली हे काही सांगता येत नव्हते. या हिवाळ्यात मी आणि पत्नी चांगला आठवडाभर हंपीला लागून असलेल्या कमलापुरात राहिलो. सकाळी लवकर निघायचे, ऊन चढले की परत, जेवून झोप, आणि चारनंतर पुन्हा बाहेर. हंपी बघायची ती अशीच. या मुक्कामात ज्या सोयी वापरल्या त्या कशा होत्या आणि काय पाहिले, ते सविस्तर लिहितो. माझ्या वयाच्या लोकांना त्याचा उपयोग व्हावा.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कृष्णेच्या खोऱ्यात गेली. कालवा, वितरिका, चारी, पाणीपाळी, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या तक्रारी, यातच केस पांढरे झाले. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायची. ती शिल्पे बघते, मी पाणी कुठून आले ते बघतो. हंपीने आम्हा दोघांनाही पोटभर दिले.

जाणे आणि उतरणे

मिरज-सांगली-कोल्हापूरच्या लोकांना हंपी सोपे आहे. कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गदगवरून थेट होस्पेटला नेते. दुपारी मिरजेत बसलो, रात्री होस्पेटला उतरलो. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. आरक्षण करताना तो पर्याय आवर्जून निवडा. आम्हा दोघांनाही खालचे बर्थ मिळाले आणि गुडघ्यांचा प्रश्नच आला नाही.

होस्पेटहून हंपी साधारण १३ किलोमीटर आहे. राहायला तीन जागा सुचवल्या जातात : होस्पेट शहर, विरुपाक्षाच्या देवळाजवळचे हंपी गाव, आणि कमलापूर. होस्पेटच्या एका लॉजमध्ये आम्ही पहिली रात्र काढली. लिफ्ट आहे असे आरक्षणाच्या वेळी सांगितले होते. प्रत्यक्षात ती बंद होती आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. सामान वर न्यायला मुलगा मिळाला, माणसाला वर न्यायला कोणी नसते. फोन करून ‘लिफ्ट आज चालू आहे का’ असेच विचारा, ‘लिफ्ट आहे का’ एवढे पुरत नाही. हंपी गावातली घरे देवळाच्या अगदी जवळ आहेत, ज्यांना पहाटेची पूजा गाठायची त्यांना सोयीची. पण आम्ही पाहिलेल्या खोल्या लहान होत्या आणि जिने उभे.

आम्हाला मानवले ते कमलापूर. एका घरात तळमजल्यावरची खोली घेतली. समोर पेरूचे झाड, अंगणात बाज, न्हाणीघरात उंच कमोड आणि भिंतीला धरायला दांडा. दांडा त्यांनी स्वतःच्या आईसाठी बसवला होता. हॉटेलांच्या जाहिरातीत जलतरण तलावाचे फोटो असतात. आमच्या वयात तो दांडा जास्त कामाचा. गरम पाणी सकाळी मागितले की मिळे. रात्रीचे जेवण घरचे : ज्वारीची भाकरी, येण्णेगाई म्हणजे तेलावर परतलेली भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, भात आणि पातळ सार. मिरजेच्या जिभेला यात काहीच परके नाही. नाश्त्याला कोपऱ्यावरच्या गाड्यावर वग्गराणी, म्हणजे फोडणीचे ओले चुरमुरे, आणि सोबत मिरचीभजी मिळत. मी भजी सोडून खाल्ले, पत्नीने माझ्या वाट्याचीही खाल्ली. फिल्टर कॉफी प्रत्येक ठिकाणी चांगली. जेवणाला माझ्याकडून पूर्ण गुण.

आधी संग्रहालय

बहुतेक लोक कमलापूरचे पुरातत्त्व संग्रहालय शेवटी, वेळ उरला तर बघतात. तुम्ही पहिल्या सकाळी तिथेच जा. आत चौकात हंपीच्या साऱ्या परिसराची मोठी प्रतिकृती जमिनीवर मांडलेली आहे : टेकड्या, नदी, तटबंदी, देवळे, सगळे आपापल्या जागी. भोवतीने फिरत वरून बघता येते. मी तिथे बराच वेळ उभा होतो. तुंगभद्रा ईशान्येकडे कशी वळते, तिच्या कडेने देवळांचा पट्टा कसा आहे, दक्षिणेकडे राजवाड्यांचा भाग कसा आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये जी सखल पट्टी आहे तिथे आजही केळी आणि ऊस का आहे, हे त्या एका प्रतिकृतीत समजले. हंपीचे अवशेष चाळीसएक चौरस किलोमीटरमध्ये पसरलेत आणि उरलेल्या वास्तू १,६०० च्या वर आहेत. नकाशा डोक्यात नसेल तर माणूस नुसता दगडामागून दगड बघत राहतो.

संग्रहालयात राणींसह कृष्णदेवरायाच्या मूर्ती आहेत. पत्नी तिथे रमली. तारखा तिच्या तोंडपाठ : १३३६ ला हरिहर आणि बुक्क यांनी विजयनगरचे राज्य उभे केले, हंपी ही त्याची राजधानी, राजा कृष्णदेवराय १५०९ ते १५२९, आणि जानेवारी १५६५ ला विजयनगर हरले ती तालिकोटची लढाई. त्या लढाईत विजयनगरविरुद्ध विजापूर, गोवळकोंडा आणि बिदरसोबत आपल्या अहमदनगरचा हुसेन निजामशहाही होता. शाळेत हे शिकवताना ती फळ्यावर बाण काढायची. इथे ते बाण येऊन थांबले त्या जागी ती उभी होती. ‘अहो, हे सगळे जळत होते तेव्हा किती दिवस धूर दिसला असेल,’ असे ती म्हणाली आणि पुढच्या मूर्तीकडे वळली.

रिक्षा आणि गाइड

चालत हंपी होत नाही आणि सायकल आमच्या वयाला झेपत नाही. आम्ही एकच रिक्षा ठरवली, अर्ध्या दिवसाच्या हिशोबाने, सकाळ वेगळी आणि संध्याकाळ वेगळी. भाव आधी बोलून घेतला. रिक्षावाले अण्णा कमलापूरचेच, वयाने पन्नाशीचे. त्यांना पहिल्याच दिवशी मी माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत सांगितले की आम्हाला यादी संपवायची नाही. त्यांनी ते मनावर घेतले. कुठे सावली आहे, कुठल्या बाजूने गेले की पायऱ्या कमी लागतात, कुठले फाटक सकाळी आधी उघडते, हे त्यांना गाइडपेक्षा जास्त ठाऊक होते. पायरी आली की ‘अम्मा, निधाना’, म्हणजे सावकाश, म्हणत हात पुढे. मिरजेच्या बाजूच्या लोकांना थोडी कानडी येतेच, ती न लाजता वापरा. तिने मार्ग सोपा होतो.

गाइड आम्ही एकच दिवस घेतला, तोही तिसऱ्या दिवशी, स्वतः हिंडून झाल्यावर. परवानाधारक, ओळखपत्र गळ्यात, हिंदी उत्तम. आधी स्वतः पाहिलेले असल्यामुळे आमच्याकडे प्रश्न होते, आणि प्रश्न असले की गाइड खुलतो. पहिल्याच दिवशी गाइड घेतला तर तो त्याचे ठरलेले भाषण म्हणतो आणि आपण मान हलवतो. त्याने हजार राम मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरची मिरवणूक आम्हाला रांगेने वाचून दाखवली : एका ओळीत हत्ती, एका ओळीत घोडे, मग सैनिक, मग नाचणाऱ्या बाया. आतल्या भिंतींवर रामायण आहे, आणि मंडपात काळ्या, तुकतुकीत दगडाचे चार खांब. ते देऊळ राजघराण्याचे होते. मोठे नाही, पण सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात भिंतीवरची शिल्पे अशी उठून दिसतात की तिथून हलवत नाही. दुपारी तीच भिंत सपाट वाटते. कुठली वास्तू कुठल्या प्रहरी बघायची हे ठरवायला सवड लागते, आणि ती आपल्याकडे आहे.

पाणी

आता माझ्या विषयावर येतो.

राजवाड्याच्या आवारात महानवमी दिब्बा नावाच्या उंच दगडी चौथऱ्याच्या जवळ एक पायऱ्यांची पुष्करणी आहे. १९८० च्या दशकात उत्खननात ती बाहेर आली. साधारण २२ मीटरचा चौरस, सुमारे ७ मीटर खोल, पाच टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर त्रिकोणी रचनेत उतरणाऱ्या पायऱ्या. हंपीतले बहुतेक दगडी बांधकाम तिथल्याच करड्या ग्रॅनाइटचे. ही पुष्करणी मात्र काळ्या शिस्ट दगडाची. दगड नीट निरखून बघा. त्यांवर खुणा कोरलेल्या आहेत : कुठल्या दिशेचा, कुठल्या ओळीतला, कितवा. म्हणजे दगड दुसरीकडे घडवले, क्रमांक टाकले आणि इथे आणून जुळवले. साइटवर काम केलेल्या माणसाला त्या खुणा बघून काय वाटते ते कसे सांगू? पाचशे वर्षांपूर्वीचा कुणी मिस्त्री आपल्या मदतनिसाला ‘हा इथला नाही, तिकडचा आण’ म्हणतोय, हे मला स्पष्ट ऐकू आले.

तिच्याकडे येणारा दगडी पाट अजून उभा आहे. अखंड दगडात कोरलेली पन्हळ, खाली दगडी खांबांचा आधार. त्यातून पाणी या टाक्यांत, हौदांत, राजवाड्याच्या निरनिराळ्या भागांत फिरवले होते. जमिनीखालून भाजलेल्या मातीच्या नळ्याही गेल्या आहेत. मी पाटाच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, नुसता उतार डोळ्यांनी मोजत. एवढ्या लांबीत इतका अल्प उतार राखणे हे सोपे काम नाही. उतार जास्त झाला तर पाणी उसळून बाहेर पडते, कमी झाला तर गाळ बसतो. आमच्या लायनिंग केलेल्या चाऱ्यांतही हे साधताना दमछाक होते.

जवळच राणीचे स्नानगृह आहे. बाहेरून अगदी साधी भिंत, आत कमानींची ओवरी आणि मध्ये चौकोनी हौद. लोक पटकन फोटो काढून जातात. तुम्ही बाहेरून एक फेरी मारा, भोवतीचा चर दिसेल. त्याच दिशेने पुढे कमलापूरचा तलाव आहे, विजयनगरच्या काळातला, आजही त्याच्यावर शेती भिजते. संध्याकाळी आम्ही त्याच्या भरावावर बसत असू. भरावाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर, आहे आणि ते जागचे हललेले नाही.

डोमिंगो पेस नावाचा पोर्तुगीज १५२० च्या सुमारास इथे आला होता. एका मोठ्या तलावाचे काम चालू असताना त्याने पाहिले की पंधरा-वीस हजार माणसे मुंग्यांसारखी कामाला लागली आहेत, खालची जमीनही दिसत नव्हती. ते वाचलेले होते, म्हणून तिथे बसल्यावर आठवले. आणखी एक गोष्ट मला नोकरीत असल्यापासून ठाऊक होती : कडप्याकडचा पोरुमामिल्लाचा शिलालेख, १३६९ चा, बुक्काचा मुलगा भास्कर याच्या काळातला. त्यात चांगल्या तलावाची १२ अंगे आणि ६ दोष सांगितले आहेत. दोष असे : बंधाऱ्यातून होणारी गळती, खारट जमीन, दोन राज्यांच्या सीमेवरची जागा, तलावाच्या मधोमध उंचवटा, पाणी थोडे आणि भिजवायची जमीन फार, किंवा जमीन थोडी आणि पाणी फार. सहाच्या सहा दोष मी नोकरीत पाहिले आहेत. ‘दोन राज्यांच्या सीमेवर’ हा दोष सहाशेपन्नास वर्षांपूर्वी दगडावर कोरणाऱ्या माणसाला पाण्याचे राजकारण पुरते कळले होते. राज्याराज्यांतल्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या कृष्णा लवादाच्या फायली हाताळलेल्या कुठल्याही माणसाला ही ओळ वाचून उठून नमस्कार करावासा वाटेल.

आता ती सखल पट्टी. कृष्ण मंदिरापासून खाली उतरले की उग्र नरसिंहाची मूर्ती आणि शेजारी बडवीलिंग हे मोठे शिवलिंग. नरसिंह १५२८ चा, एकाच दगडातला, उंची ६.७ मीटर. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली. तिचा एक हात मात्र देवाच्या पाठीशी शिल्लक आहे. पत्नीने तो शोधून मला दाखवला, मागच्या बाजूने जावे लागते. बडवीलिंगाच्या पायाशी कायम पाणी असते, कारण कालव्याचे पाणी तिथे येते. हा तुर्तू कालवा. नदीवरच्या बंधाऱ्यातून निघून देवळे आणि राजवाडे यांच्या मधल्या पट्ट्यातून वाहतो, आणि आजही त्यावर केळी, ऊस, भात पिकतो. विरुपाक्षाच्या देवळातही पाण्याचा अरुंद पाट आत घेतलेला आहे, तो स्वयंपाकघराकडे उतरतो आणि बाहेर पडतो.

राज्य १५६५ ला बुडाले. लाकडी महाल जळाले, त्यांची नुसती जोती उरली. कालवा मात्र वाहत राहिला, कारण शेतकऱ्याला त्याची गरज होती आणि तो दरवर्षी गाळ काढत राहिला. हंपीला ‘भग्नावशेष’ म्हणतात तेव्हा हा कालवा धरलेला नसतो. केळीच्या बागेतून वाहणाऱ्या त्या पाण्यात मी पाय बुडवून बसलो. एका शेतकऱ्याने पाण्याच्या पाळीबद्दल तक्रार केली. तक्रार तीच होती जी मी आयुष्यभर ऐकली, भाषा तेवढी वेगळी.

एक संध्याकाळ आम्ही होस्पेटच्या तुंगभद्रा धरणासाठी ठेवली होती. १९५३ ला पुरे झालेले, ३३ दरवाजांचे. या धरणाच्या पाण्याखाली वल्लभापूरचा विजयनगरकालीन बंधारा गेला. त्यातून निघणारे राय आणि बसवण्णा हे जुने कालवे आता थेट धरणातून पाणी घेतात. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजा वाहून गेला. भरलेले धरण, उघडे भगदाड आणि वाहत्या पाण्यात स्टॉपलॉग, म्हणजे पाणी तात्पुरते अडवणारे लोखंडी अडसर, उतरवायचे. ते काम कन्नय्या नायडू या निवृत्त, ऐंशीच्या घरातल्या गेट-तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली आठवडाभरात झाले, आणि कित्येक टीएमसी पाणी वाचले. धरण बघताना मी पत्नीला ती हकीकत सांगितली. तिला दरवाजांचे फारसे कौतुक नाही, पण नायडूंचे वय ऐकून ती थांबली.

विठ्ठल मंदिर

दगडी रथ ५० रुपयांच्या नोटेवर आला तेव्हापासून इथे गर्दी वाढली आहे. वाहनतळ गेज्जल मंडपाशी आहे, तिथून देवळापर्यंत साधारण एक किलोमीटर बॅटरीवरच्या गाड्या नेतात. सोय चांगली आहे, चढ-उतार सोपा, आवाज नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि रांगेत बसायला जागा नाही. सकाळी पहिल्या गाड्यांनी जा. आणि परतताना शक्य असेल तर चालत या, कारण वाटेतला कुदुरेगोंबे मंडप आणि पुष्करणी गाडीतून नुसती मागे पडतात.

रथ म्हणजे गरुडाचे देऊळ आहे. अखंड दगडाचा म्हणून सांगतात, पण तो अनेक दगड जोडून केलेला आहे. सांधे इतके बारीक की दिसत नाहीत. अलेक्झांडर ग्रीनलॉ यांनी १८५६ मध्ये काढलेल्या छायाचित्रात त्याच्यावर विटांचे शिखर दिसते, आज ते नाही. पुढे हत्ती आहेत, ते नंतर ठेवलेले. आता रथाला कठडा केला आहे. तो हवाच होता. मागच्या सहलीत मी लोकांना चाकावर पाय देऊन फोटो काढताना पाहिले आहे. सूर देणाऱ्या खांबांवरही आता टिचकी मारू देत नाहीत, आणि तेही योग्यच.

मराठी माणसाला इथे दुसरीच गोष्ट ओढते. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी आपल्याकडची परंपरा. पत्नीच्या माहेरी वारी आहे. गाभारा रिकामा आहे हे तिला आधीपासून ठाऊक होते, तरी ती आत गेली, हात जोडले आणि बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘भानुदास चालत आले असतील ना? आपण तरी गाडीतून आलो.’ त्यानंतर नदीकाठी कानडी संतकवी पुरंदरदासांचा मंडप बघायला ती माझ्याही पुढे निघाली. पुरंदरदासांच्या पदांतली नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. पंढरपूर आणि हंपी यांच्यातले अंतर तिथे फारच कमी वाटते.

एक सकाळ आम्ही विरुपाक्षाच्या बाजाराच्या टोकाच्या नंदीपासून नदीकाठाने चालत याच मंदिराकडे आलो. कोदंडराम मंदिर, मग खडकांमधली वाट, दुमजली दरवाजा, आणि राजतुला, म्हणजे राजाची तुला करायची दगडी कमान. अंतर दोनएक किलोमीटर. खडक उंचसखल आहेत, काठी हवीच, आणि नऊच्या आत पोचायला हवे. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी हे चालणे चुकवू नये.

चढायचे कुठे, कुठे नाही

मातंग टेकडीवरून सूर्योदय बघा असे सगळेच सांगतात. अंधारात, खडकातल्या पायऱ्यांनी. साठीनंतर त्या भानगडीत पडू नका. हेमकूट टेकडीला उतार सौम्य आहे, वर विजयनगरच्या आधीची छोटी देवळे आहेत, आणि तिथून विरुपाक्षाचे गोपुर समोर दिसते. तिथे संध्याकाळी गर्दी होते, सकाळी जवळजवळ कुणी नसते.

माझ्या मते ज्येष्ठांसाठी सर्वात चांगली जागा माल्यवंत रघुनाथ मंदिर. कमलापूरहून कंपलीच्या रस्त्यावर, आणि रिक्षा थेट वर गोपुरापर्यंत जाते. राम-लक्ष्मण पावसाळाभर इथे थांबले अशी समजूत. आत रामायणाचे पठण चालू असते. देवळामागच्या खडकावर बसलो की पश्चिमेकडे सगळे हंपी खाली पसरलेले. आम्ही तिथे दोनदा गेलो, दुसऱ्यांदा अण्णांनीही रिक्षा लावून आमच्यासोबत बैठक मारली.

नदीपलीकडे आनेगुंदी. अंजनाद्रीच्या ५७५ पायऱ्या आम्ही चढलो नाही, खालूनच हनुमानाला हात जोडले. आनेगुंदी गावातून मात्र सावकाश हिंडलो. पत्नीने केळीच्या धाग्याची पिशवी घेतली. हरिगोल म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतून नदीत फेरी मारता येते. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिले नाही तर बसू नका, आणि धरणातून विसर्ग चालू असेल त्या दिवशी विचारही करू नका. बेटावरच्या नव वृंदावनाला, म्हणजे माध्व पंथाच्या नऊ संतांच्या समाध्यांना, त्या पंथाच्या मंडळींची गर्दी असते. तिथे शांतपणे, सोवळे-ओवळे सांभाळून जावे.

कमल महाल आणि गजशाळा एका संध्याकाळी होतात. गजशाळेची अकरा घुमटाकार दालने बघून मन भरते, कमल महाल बाहेरूनच बघायचा असतो.

जे सुधारायला हवे

४० रुपयांचे तिकीट विठ्ठल मंदिर, कमल महालाचे आवार आणि संग्रहालय या तिन्हींना चालते, पण त्याच दिवशी. तिन्ही ठिकाणे एका दिवसात उरकणाऱ्यालाच ते सोयीचे. सावकाश बघणाऱ्याने रोज नवे तिकीट काढायचे. पैशाचा प्रश्न नाही. तीन दिवस चालणारे तिकीट काढले तर लोक धावणार नाहीत, आणि कमलापूर-होस्पेटच्या लोकांना दोन रात्रींचे उत्पन्न जास्त मिळेल.

राजवाड्याच्या आवारात सावली नाही. दिब्ब्यापासून पुष्करणीपर्यंत आणि तिथून पाटापर्यंत बसायला एकही बाक दिसला नाही. मी घडीचे स्टूल नेले होते, खांद्याला अडकवायचे, वजन किलोभर. ते रोज कामाला आले, आणि इतरांनीही मागून घेतले. पाण्याची बाटली, टोपी, काठी, रबरी तळव्याचे बूट आणि घडीचे स्टूल, एवढे न्याच. स्वच्छतागृहे तिकीटघरांच्या आसपास आहेत, मधल्या अंतरात नाहीत. औषधे घेणाऱ्यांनी त्याप्रमाणे वेळ ठरवावी. माकडे देवळांजवळ हातातली पिशवी ओढतात, केळी उघडी नेऊ नका.

विरुपाक्षाच्या गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. भोकातून येणाऱ्या उजेडाचे साधे शास्त्र, पण ते दगडी देवळात बघताना शाळेतल्या मुलासारखा आनंद होतो. नातवंडे बरोबर असतील तर सर्वात आधी हे दाखवा. त्यासाठी बाहेर स्वच्छ ऊन लागते, ढगाळ दिवशी जाऊ नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. मार्चपासून तिथला खडक तापतो आणि रात्रीही निवत नाही. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून गुरुवारी रात्री पोचेल अशी गाडी धरू नका. बुधवारी निघा, गुरुवारची सकाळ प्रतिकृतीभोवती घालवा, आणि शुक्रवारी कालव्याच्या कडेने केळीच्या बागांतून चाला.